काशीच्या पाटीवरचं वाक्य

अनू,

शाळेच्या कमिटीनं मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितले आहेत. उद्या शोकसभा आहे, तिथं वाचायचे. परवा सकाळी मी टेबलाशी बसले आणि दोन पानं लिहून काढली. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, मुलींची लाडकी. वाचून पाहिली तर त्यात तू कुठंच नव्हतीस. तूच म्हणाली असतीस, "अक्का, ह्यात कुनाचंबी नाव घाला, बसतंय." ती पानं मी चुलीत घातली. लढाईमुळे कोरा कागद मिळत नाही, म्हणून हे जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे. उद्या वाचेन की नाही, ते शेवटी ठरवीन.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. तुला नेलं तेव्हा आपल्या चाळीपासून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत पोरी उभ्या होत्या. लग्न झालेल्या, कडेवर मूल घेतलेल्या, कुणी मळवलीहून आलेल्या, कुणी कामशेतहून. तुझ्या अंगावरचं पांघरूण सरळ करता करता माझ्या मनात काय आलं असेल? आलं, की माझ्या वेळी एवढ्या येतील का. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथं सुंभ तुझा जळला आणि पीळ माझा राहिला.

मला तुझा हेवा वाटायचा, अजून वाटतो. तुला ते ठाऊक होतं, आणि तू कधी तसं दाखवलं नाहीस, त्याचाही मला हेवा वाटायचा.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची राहून गेली. काशीच्या पाटीवरचं ते वाक्य खरंच माझ्याबद्दल होतं का? आठ वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. तुझ्या तापात आठ दिवस तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हा तरी विचारता आलं असतं. तुझ्या कपाळावरची घडी बदलत राहिले आणि विचारलं नाही. परवा त्याचा निकाल लागला. तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, पण आधीचं आधी सांगते.

तू आलीस ती कार्ल्याहून, पेंढ्याच्या गाडीत बसून, एक पत्र्याची ट्रंक आणि एक बांबूचं डालं घेऊन. कोंबड्या झाकायचं डालं मास्तरणीला कशाला लागतं, असं मला वाटलं. नवऱ्यानं टाकलेली, बापानं हट्टानं शिकवलेली, पुण्यात ट्रेनिंगची दोन वर्षं काढूनही "न्हाई" आणि "व्हय" तसंच जिभेवर. मी पुण्याची, ट्रेनिंगात पहिली आलेली, मुलींच्या शाळेची हेडबाई. मुली मला थोरल्या बाई म्हणत होत्याच. आठ दिवसांत तू धाकट्या बाई झालीस. कमिटीनं दोघींना भिंतीला भिंत लागून खोल्या दिल्या. चुली वेगळ्या, पडवी एक.

डाल्याचा उलगडा मला आषाढात झाला. लोणावळ्यात त्या दिवसांत कपडा चार-चार दिवस वाळत नाही. माझं लुगडं सोवळ्याच्या उंच काठीवर असायचं, कुणाचा हात लागू नये म्हणून, आणि तिथल्या तिथं ते बुरसायचं. तू शेगडीत निखारे घालायचीस, वर डालं उपडं ठेवायचीस, डाल्यावर लुगडं पसरायचीस. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायचीस. बाळंतिणीच्या खोलीसारखा वास पडवीभर व्हायचा. मी नाक मुरडून विचारलं, "हे काय, घरात तान्हं मूल आहे का?"

"न्हाई अक्का. पन कुबट वासाच्या बाईजवळ पोरी येत न्हाईत."

तो टोला मला होता की नव्हता, हे मी कितीतरी दिवस ठरवत बसले होते.

तुला पाचवी दिली होती, सहावी-सातवी माझ्याकडे. दोन वर्गांत एक लाकडी पडदा, त्यामुळे तुझं सगळं मला ऐकू यायचं. मी निबंध कसा शिकवायची ते तुला माहीत आहे. फळ्यावर नमुना लिहायचा, मुलींनी उतरवून घ्यायचा, पाठ करायचा. 'पावसाळ्यात सृष्टिसुंदरी हिरवा शालू नेसते.' मग उपमा कुठली, रूपक कुठलं, ते खुणा करून दाखवायचं. लिहून झालं की मुलींनी रांगेनं टेबलाशी यायचं, पाटी माझ्या हातात द्यायची, मी उभ्यानं तपासून परत करायची. माझ्या मुलींचं शुद्धलेखन तालुक्यात कुणाला हार जाणारं नव्हतं.

आणि पडद्यापलीकडे तू वाचनमालेतला बाजाराचा धडा वाचून दाखवत होतीस, आणि मुलींना विचारत होतीस, "लिहिणारा कुठं उभा आहे?" वर्गात तुझी भाषा जरा सुधारून असायची. एक म्हणाली, "लांब." "कशावरून?" "त्यानं सुक्या मासळीचा वास न्हाई लिवला." दुसरी म्हणाली, "पाटीवाल्या बायका काय वरडत्यात ते बी न्हाई लिवलं. नुसतं गलबला म्हनतो." तिसरी म्हणाली, "तो टांग्यात बसलेला आसंल." सगळा वर्ग हसला, तूही हसलीस. मग तू म्हणालीस, "मग आपण टांग्यातनं उतरू. आता सांगा, पायाखाली काय आहे?"

मी त्या वेळी माझ्या वर्गाला उत्प्रेक्षेची व्याख्या सांगत होते. ती सांगता सांगता माझी जीभ अडखळली. पंधरा वर्षं मी तो धडा शिकवत होते आणि तो लिहिणारा माणूस कुठं उभा आहे, हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तुझ्याशी भांडले. "मुलींसमोर व्हय म्हणू नकोस, होय म्हण," असं म्हणून भांडले. खरं भांडण कशाचं आहे ते तुला कळलं असणार. तू म्हणालीस, "होय म्हनते. पन अक्का, शालू ह्यातल्या कुठल्या पोरीनं बघितलाय? ज्याला हात लावला न्हाई त्याची उपमा कशाला द्यायची?" मी म्हटलं, उपमेला हात लावायचा नसतो, ती कल्पनेनं करायची असते. तू म्हणालीस, कल्पनेलासुद्धा नाक-कान लागतात. तो वाद आपण पुढं कितीतरी वेळा घातला, आणि तो तसाच अर्धा राहिला आहे. मला अजून वाटतं की माझं थोडं तरी बरोबर होतं.

शनिवारी तू पुरचुंडी आणायचीस. फडक्यात काहीतरी बांधलेलं, ते बाकाखालून हातोहात फिरायचं. उघडायचं नाही, बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. बाकी काय वाटेल ते लिहायचं. एकदा पुरचुंडी तू मला पडवीत दिलीस, गमतीनं. मी बोटांनी दाबली आणि लगेच म्हटलं, "चिंचोके."

"नाव न्हाई इचारलं, अक्का."

"मग काय विचारलंस?"

"कसं लागतंय ते."

मी पुन्हा दाबून पाहिली. गुळगुळीत, म्हटलं. कठीण, म्हटलं. आणखी काही सुचेना. तू हसली नाहीस, पुरचुंडी परत घेतलीस आणि म्हणालीस, "नाव घेतलं की हात थांबतो बघा." पाचवीतल्या एका पोरीनं त्याच पुरचुंडीवर लिहिलं होतं की हे आजीच्या बटव्यात असतं, तिला झोप येत नाही तेव्हा ती हे मोजते आणि मला आवाज येतो. शाळेतली सगळ्यात शिकलेली बाई मी, आणि दहा वर्षांच्या पोरीपुढे मुकी.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायची गरज नव्हती, तू तिथंच होतीस.

तू आल्यावर दुसऱ्या वर्षी डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार होते, भर श्रावणात. त्यांना निबंधाची आवड, हे सगळ्या शाळांना ठाऊक होतं. मागच्या खेपेला माझ्या मुलींचे निबंध वाचून त्यांनी "स्वच्छ" एवढंच म्हटलं होतं. मला वाटलं, या वेळी ते तुझी पाचवी बघतील आणि वेडे होतील, आणि माझी सहावी शालू नेसून उभी राहील. म्हणून शनिवारी तू गेल्यावर मी पाचवीच्या पाट्या पाहिल्या. त्या फळीवर रचून ठेवलेल्या होत्या. चांगली वाक्यं मी माझ्या वहीत उतरवून घेतली. कौलातून पाणी पितळीत पडतं, तेव्हा आधी आवाज बारीक येतो आणि पितळी भरत आली की जाड होतो. ओल्या पाटीवर पेन्सिल कुरकुरते. आईच्या लुगड्याला धुराचा वास येतो, तिच्या कुशीत शिरलं की भूक लागते.

आणि सोमवारी मी ती वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सहावीकडून पाठ करून घेतली.

आता लिहिताना मला हसू येतं, अनू. तू वर्षभर पोरींची नाकं उघडत होतीस, आणि मी त्या नाकाला आलेला वास शुद्धलेखनासारखा घालून दिला. पण तेव्हा मला खरोखरच वाटलं होतं की आता मला तुझी रीत साधली. आयत्या बिळावर नागोबा झाले आणि फणा काढून बसले.

डेप्युटीसाहेबांनी विषय दिला, 'पावसाळ्यातले आमचे घर'. पहिली पाटी वाचून त्यांनी मान डोलावली. दुसरी वाचली. तिसरी वाचून चष्मा काढला, पुसला. मग सगळ्या पाट्या भराभर पाहिल्या. सगळ्या घरांत एकच पितळी आणि एकच धूर. त्यांनी मधल्या बाकावरच्या काशीला उभं केलं. काशी वरच्या वाडीतली, आदल्या वर्षी तुझ्या पाचवीत असलेली, मावशीबरोबर एका शेटजींच्या बंगल्याच्या आवारात राहायची.

"आईच्या लुगड्याचा वास येतो म्हणतेस. आईचं लुगडं कुठल्या रंगाचं?"

"मला आई न्हाई."

"मग हे कुठून लिहिलंस?"

"बाईंनी सांगितलं."

"कोणत्या बाईंनी?"

काशी माझ्याकडे बघत होती. मी फळ्याकडे बघत होते. आई नसलेल्या पोरीकडून मी आईच्या कुशीचं वाक्य पाठ करून घेतलं होतं, आणि आठवडाभर तिनं ते रोज म्हणून दाखवलं, तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तोंड उघडायला मला किती वेळ होता, ते सांगता येत नाही. पुरेसा होता. पाचवीची पटाची वही हातात घेऊन तू दारात उभी होतीस.

"मी सांगितलं, साहेब. शनिवारी मी घेते निबंध."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की धाकट्या बाई तयार वाक्यं देऊन मुलींचं नुकसान करतात, त्यांच्याकडे निबंध देऊ नये. कमिटीनं तुला बिगारीवर टाकलं, अ आ इ गिरवणाऱ्या पोरींवर. त्या हुकमाखाली हेडबाई म्हणून माझी सही आहे. तुझी पाचवीही माझ्याकडे आली.

दिवेलागणीला मी तुला विचारलं, "का बोललीस?" तू निखारे फुंकत होतीस. म्हणालीस, "तुमी बोलनारच व्हता, अक्का. मी जरा घाई केली." आणि पुन्हा फुंकायला लागलीस. मी बोलणार नव्हते, हे तुला माहीत होतं. तुझ्या चांगुलपणाचा मला एवढा संताप आला की मी दार लावून घेतलं. मला चांगलं व्हायची एक संधी आली होती, तीही तू पुढं होऊन घेतलीस, असं मी स्वतःला बजावत राहिले. माणूस स्वतःशी काय काय खोटं बोलतं.

त्या शनिवारी तू निबंधाचा शेवटचा तास घेतलास. सहावीतल्या काशीलाही बोलावलंस. परतल्यावर पडवीत तू मला सांगितलंस, "अक्का, काशीनं आज स्वताचं लिवलं. तुमच्यावर लिवलंय."

आणि वाक्य सांगितलंस. 'मला आई नाही. पण बाई पाटी बघायला वाकतात तेव्हा त्यांच्या पदराला ओव्याच्या धुराचा वास येतो. म्हणून मी पाटी सावकाश दाखवते.'

मी म्हटलं, "खोटं बोलतेस. माझं लुगडं सोवळ्याच्या काठीवर असतं. ओवा तुझ्या पदराला."

तू डोळे मिचकावलेस. "तुमी सकाळी शाळा उघडाया गेल्या की मी ते काठीवरनं काडते, डाल्यावर वाळवते, आनि परत ठिवते. तुमाला खोकला हुतो कुबट कपड्यानं. वरीस झालं."

वर्षभर माझं सोवळं तू बाटवत होतीस आणि मला पत्ता नव्हता. मी रागावले का? मी पदर नाकाशी नेला. खरंच ओवा होता. इतके दिवस माझ्याच खांद्यावर होता.

"पाटी कुठं आहे?"

"पुसली. घरचं गनित उतरून न्यायचं व्हतं तिला. मग इचारा की तिलाच."

मी काशीला विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या दिवसापासून मी टेबल सोडलं. बाकांमधून फिरायला लागले. पाटी हातात न घेता पोरीच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले, हळूहळू, म्हणजे कुणाला काही घ्यायचं असेल तर घेता यावं. काशी सातवी पास होऊन गेली तोवर, आणि ती गेल्यावरही. नमुने लिहून देणं बंद केलं. विचारायला लागले, लिहिणारा कुठं उभा आहे. तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. माझ्या मुलींचे निबंध वाचून पुढच्या डेप्युटीसाहेबांनी माझं नाव घेतलं, आणि तू बिगारीच्या वर्गातून टाळ्या वाजवल्यास.

आठ वर्षं तू बिगारीत राहिलीस. तुला परत वर घ्या, असं मी कमिटीला एकदाही म्हटलं नाही. दरवर्षी जूनमध्ये म्हणणार असायची. मग वाटायचं, ही वर आली तर मुली पुन्हा हिच्याकडे पळतील. त्या वाक्याचा मला आधार होता: निदान एका पोरीनं तरी तुला सोडून मला निवडलं होतं. जिला आई नाही तिनं.

परवा दुपारी काशी आली. तळेगावाजवळ घोरावाडीला दिली आहे तिला, नवरा रेल्वेत सांधे बदलायला आहे. मांडीवर अडीच महिन्यांची मुलगी. तुझ्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून ती बराच वेळ रडली. मी तिला गूळ-पाणी दिलं. आणि मग राहवेना. मी विचारलं, "काशे, डेप्युटी आले होते त्या आठवड्यात तू धाकट्या बाईंच्या तासाला एक वाक्य लिहिलं होतंस. ओव्याच्या वासाचं. आठवतं का?"

"व्हय. आठवतंय की."

"ते कुणावर होतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "धाकट्या बाईंवर. आनखी कुनावर?"

मी म्हटलं, "मला वाटलं, माझ्यावर."

ती ओशाळली. चांगली पोर आहे, खोटं बोलता आलं असतं तर बोलली असती. "तुमी कुटं वाकत व्हता, बाई, तवा? आमी पाट्या टेबलाशी आनून द्यायचो. तुमी उभ्यानंच बघायच्या. तुमचं लय भ्या वाटायचं." मग म्हणाली, "नंतर वाकायला लागला तुमी. ते बी आठवतंय. मला नवल वाटलं हुतं."

खरंच की. मी वाकतच नव्हते. वाक्यातला पहिलाच तपशील चुकीचा होता, आणि पंचवीस वर्षं पाट्या तपासणाऱ्या मला तो दिसला नाही, कारण मला तो बघायचा नव्हता. तू मुलींना सांगायचीस, वाक्य खरं आहे का ते बघायचं तर लिहिणारा कुठं उभा आहे ते बघा. मी एकदा तरी बघितलं असतं.

काशी गेल्यावर मला आधी राग आला. मग लाज वाटली. मग, तुला खरं सांगते, पुन्हा हेवाच वाटला, पूर्वीपेक्षा जास्त. एका मास्तरणीला जन्मात एखादंच असं वाक्य मिळतं. तुझा वर्ग मी घेतला, तुझ्या नावाला बट्टा लागला तो मी लागू दिला, आणि त्याच आठवड्यात तू तुझं ते वाक्य उचलून माझ्या पदरात टाकलंस. माझं लुगडंसुद्धा तू खरंच रोज वाळवत होतीस. मी तुझ्या जागी असते तर ते निखाऱ्यांत पडू दिलं असतं. का केलंस, अनू? माझी दया आली म्हणून, की मी वाकायला लागेन हे तुला ठाऊक होतं म्हणून? हे विचारायचं राहिलं, आता राहणारच.

काल मी कपाटातून शेरेबुक काढलं. डेप्युटीसाहेबांच्या त्या शेऱ्याखाली जागा होती. तिथं लिहिलं की वरील वाक्यं सहावीला मुख्य बाईंनी पाठ करायला दिली होती, पाचवीच्या पाट्यांवरून चोरून. धाकट्या बाईंचा त्यात काही दोष नव्हता. खाली सही केली. आणि आता हे लिहिता लिहिता ठरलं की उद्या सभेत हीच पानं वाचायची, पीळ-बीळ सगळं. कमिटीला जे करायचं ते करू दे.

आज सकाळी आभाळ खाली उतरलं होतं. माझं लुगडं ओलंच होतं. मी शेगडी पेटवली, तुझं डालं उपडं घातलं, आणि माझं लुगडं मी माझ्या हातांनी त्यावर पसरलं, पडवीत, सगळ्या चाळीच्या देखत. ओवा तुझ्या ट्रंकेतल्या पुरचुंडीत सापडला. फडकं सोडायच्या आधी मी ते दाबून पाहिलं. नाव घेतलं नाही. बारीक होतं, दाबलं की आतल्या आत सरकत होतं, आणि बोटांना वास लागला तो शाळेत पोचेपर्यंत गेला नाही.

बिगारीवर अजून बाई नेमलेली नाही, म्हणून पहिला तास मी घेतला. खिडकीतून धुकं आत आलं होतं. पोरी अक्षरं गिरवत होत्या. सगळ्यात मागं एक चिमुरडी, पाटीत नाक घालून 'आ' काढत होती. तिचा काना तिरका जात होता. मी तिच्या खांद्यावरून वाकले.

तिची पेन्सिल थांबली. वर न बघता तिनं विचारलं, "धाकट्या बाई, तुमी आला व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."